दोन सीटच्या गाडीचा मूळ मालक

साताऱ्याला जाऊन आलो म्हटलं की लोक लगेच विचारतात, कास पाहिलं का? ठोसेघरचा धबधबा? सज्जनगड चढलात की नाही? यातलं आम्ही काहीही पाहिलं नाही. आम्ही नवराबायको चार दिवस सातारा आणि सांगली जिल्ह्यांत हिंडलो ते एका मोटारीचं आरसी पुस्तक शोधत. हसू नका, कारण तुमच्यापैकी बरेच जण कासला जाऊन फुलं आणि गर्दी बघून परत येतात. आम्हाला जी माणसं भेटली ती तुम्हाला भेटलेली नाहीत.

मोटार आमचीच, पण ती आमची आहे असं म्हणणारा एकही कागद आमच्याकडे नव्हता. इटलीत बनलेली, लाल, बुटकी, दोन सीटची गाडी. कंपनीचं नाव मी सांगणार नाही. नाव ऐकलं की लोक गाडीकडे बघायचं सोडून भाव विचारायला लागतात. माझे यजमान मधुकरराव (लिहिताना मधुकरराव, समोर 'अहो') नाशिकला आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचे शिक्षक होते. अठरा वर्षांपूर्वी साताऱ्याच्या एका मिस्त्रीकडून त्यांनी ही गाडी भंगार म्हणून आणली आणि तेव्हापासून आमच्या घरात तिसरं माणूस राहायला आलं. सुट्ट्या, दिवाळ्या, माझ्या मावसबहिणीचं लग्न, सगळं त्या गाडीखाली गेलं. निवृत्तीनंतर एकदाचं तिचं इंजिन सुरू झालं तेव्हा मी आळीत पेढे वाटले.

पण रस्त्यावर काढायची कशी? नंबर नाही, कागद नाहीत. आणि त्यातच मधुकररावांना काचबिंदू निघाला. उजवा डोळा जवळजवळ गेला. डावा अजून चांगला आहे, पण डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं, "काका, चालवायची हौस असेल तर याच वर्षी भागवून घ्या." जुन्या गाड्यांची कामं करणाऱ्या एजंटकडे मीच गेले. तो म्हणाला, "मूळ पुस्तक आणा आणि त्याच्यावर ज्याचं नाव असेल त्याची सही आणा. बाकीचं माझ्यावर सोडा." मी पोस्टात तीस वर्षं काढलेली बाई. अर्धा पत्ता लिहिलेलं पाकीटसुद्धा माणसापर्यंत पोचतं हे मला माहीत होतं. मार्च महिन्यात मी आमची छोटी गाडी काढली, मधुकररावांना शेजारी बसवलं आणि निघालो.

सातारा

इस्माईल मिस्त्रींचं गॅरेज औद्योगिक वसाहतीच्या अलीकडे आहे. अठरा वर्षांनी गेलो, तरी त्यांनी मधुकररावांना लांबून ओळखलं. "आवं मास्तर! जित्ती हाय का ती?" हा पहिला प्रश्न. गाडी चालू झाली हे ऐकून त्यांनी हातातला पाना खाली ठेवला आणि गॅरेजमधल्या सगळ्यांना ओरडून सांगितलं. मग चहा आला. तो संपेपर्यंत दुसरा आला. आमच्याकडे नाशकात पाहुण्याला "चहा घेणार का?" विचारतात. इथे विचारत नाहीत.

"कागद?" मिस्त्री म्हणाले. "माज्याकडं आली तवा ट्रॅक्टरमागं दोरी बांधून आली. आत कोंबडीची अंडी व्हती, कागद न्हवतं. म्हसवडच्या सुभेदारांनी दिली."

कोणते सुभेदार, ते मात्र त्यांना आठवेना. साताऱ्यात "सुभेदार कुठे राहतात?" विचारणं म्हणजे नाशकात "द्राक्षं कुठे मिळतात?" विचारण्यासारखं आहे. आख्खा जिल्हा फौजेत जाऊन आलेला. मिस्त्रींनी दुपारभर स्वतःचं काम बाजूला ठेवून फोन लावले. म्हसवडचा एक टायरवाला, त्याचा सासरा, सासऱ्याचा फौजेतला मित्र असं करत संध्याकाळी पाच वाजता नाव लागलं: सुभेदार सर्जेराव माने. निघताना मिस्त्रींनी कंदी पेढ्यांचा पुडा हातात दिला. मी म्हटलं, अहो, पेढे आम्ही द्यायचे. तर म्हणाले, "गाडी बरी झाली नव्हं? मग माहेरच्यांनीच द्यायचं असत्यात." मला एकदम भरून आलं.

म्हसवड

पुसेगाव सोडलं की झाडं विरळ होत जातात आणि दहिवडीच्या पुढे तर उन्हाला अडवायला काही उरत नाही. आमच्या गाडीचा एसी ऐन माळावर बंद पडला. मोटार मेकॅनिकच्या घरची गाडी, आणि तिचा एसी! मी तसं बोलून दाखवलं. मधुकरराव म्हणाले, काचा खाली कर, वारा फुकट आहे.

सुभेदार सहा फूट उंच, पंच्याहत्तरीतही ताठ. त्यांच्या पत्नीने, म्हणजे काकींनी, आधी पाय धुवायला पाणी दिलं, मग बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं आणि खर्डा. माडगं मी जन्मात पहिल्यांदा खाल्लं. हुलगा म्हणजे कुळीथ, आमच्याकडे तो पिठल्यापुरता. इथे त्याचं दाट, गरम, गुळचट काहीतरी करतात आणि ते खाऊन माणूस संध्याकाळपर्यंत भूक विसरतो. दोन वाट्या झाल्यावर काकींनी तिसरी न विचारता ओतली.

"लाल मोटर व्हय!" सुभेदारांचा चेहरा उजळला. "सिद्धनाथाच्या जत्रंत घेतली. चाळीस वर्सं झाली असत्याल. सुट्टीवर आल्यालो. तासगावकडचं एक बागायतदार आल्यालं, चौगुले आण्णा. त्यांच्या रानात मेंढरं बसवायची ठरवाय आल्यालं."

मेंढरं बसवणं म्हणजे काय ते मला इथे कळलं. कळप रात्री शेतात बसवतात. लेंडीखताने जमीन सुधारते. त्यासाठी द्राक्षबागेवाले माणदेशातल्या मेंढपाळांशी आधी ठरवून ठेवतात. चौगुले आण्णा जत्रेत आले ते ही लाल गाडी घेऊन. सुभेदारांनी ती बघितली आणि त्यांची तहानभूक हरपली. तिथेच, बैलांच्या बाजारात, उपरण्याखाली हात घालून बोटांनी सौदा झाला.

"केवढ्याला?" मी विचारलं.

"उपरण्याखालचं उपरण्याखाली ऱ्हातं, वैनी." सुभेदार गंभीरपणे म्हणाले. काकी आतून म्हणाल्या, "मलाबी अजून सांगितलं न्हाई."

"आणि पुस्तक?" मधुकररावांनी विचारलं.

"ते परत दिलं की. किल्लीबी दिली."

"परत दिलं? विकणाऱ्याला?"

"आवं, जनावराचं दावं हाय ते!" सुभेदारांना आमचंच आश्चर्य वाटलं. "जनावर घ्यावं, इकनाऱ्याचं दावं घेऊ नये. त्येच्या गोठ्यातली लक्ष्मी जाती आन आपल्याकडं जनावर टिकत न्हाई. बैल घ्या, म्हस घ्या, दावं आपलं न्यायचं. मोटरीला दावं कुटलं? म्या म्हनलं, किल्ली आन पुस्तक. आण्णा नको नको म्हनत व्हतं. म्या त्यांच्या खिशात कोंबलं. मग वढत घरला आनून ट्रॅक्टरचं स्विच बशिवलं."

मधुकररावांनी कपाळाला हात लावला. गाडी त्यांच्याकडे आली तेव्हा किल्लीच्या जागी ट्रॅक्टरचं स्विच का होतं, हे अठरा वर्षांचं कोडं होतं. मी हसत सुटले. काकीही हसायला लागल्या. "दावं परत देऊन टिकली का पर?" त्यांनी नवऱ्याला डिवचलं. "सैपाकाला लाकडं आनायला न्ह्यायची म्हनलं, तर ह्येंचं गुडगं कानाला लागायचं. शीट मागं सरकायचंच न्हाई. पुढं त्यात कोंबड्या बसाय लागल्या."

सुभेदार मात्र हसले नाहीत. चूक आपली, आणि तिच्यामुळे मास्तरांचं काम अडलं, हे त्यांच्या मनाला लागलं होतं. डोळ्याचं त्यांना मीच सांगितलं होतं. निघताना ते मधुकररावांचा हात धरून म्हणाले, "मास्तर, माजी चूक हाय. आण्णांचं गाव मी सांगतो. पुस्तक त्या घरातच असनार. दावं कुनी फेकून देत न्हाई." गावाचं नाव, चौक, पाण्याची टाकी, सगळं त्यांनी कागदावर काढून दिलं. इतका नीट नकाशा मला पोस्टातसुद्धा कुणी काढून दिला नव्हता.

त्या घरातून निघाल्यावर तीस किलोमीटरांवर माझ्या लक्षात आलं की मधुकररावांचे डोळ्यांचे थेंब काकींच्या फ्रीजमध्ये राहिले. एकही रात्र थेंब चुकवायचे नाहीत असं डॉक्टरांनी बजावलेलं. मी फोन केला आणि गाडी वळवायला लागले, तर सुभेदार म्हणाले, "वळू नगा. तुमी फुडं व्हा." थेंबांची बाटली बर्फ घातलेल्या डब्यात बसून एसटीने निघाली. एका कंडक्टरने विट्याला ती दुसऱ्याच्या हातात दिली आणि आम्ही तासगावच्या स्टँडवर चहा पीत असताना ती आमचं नाव विचारत आली. ना पावती, ना शिक्का. मी कंडक्टरला काही देऊ गेले तर त्याने हात मागे घेतला. "सुभेदारांचं औशद हाय," एवढंच म्हणाला. पोस्टात तीस वर्षं काढलेल्या बाईने त्याला मनातल्या मनात सलाम केला.

तासगाव

आमच्या नाशिकच्या द्राक्षांना जहाज गाठायची घाई असते. तासगावच्या द्राक्षांना वाऱ्याची वाट बघायची असते. शेडमध्ये जाळ्यांचे मजले, त्यांवर हिरवी द्राक्षं पसरलेली, आणि वारा त्यांच्यातून हळूहळू पाणी काढून नेतो. पंधरवड्याने बेदाणा होतो. शेडच्या कडेने चालताना गोड, थोडा आंबूस वास येतो. मला तो फार आवडला.

चौगुल्यांचं घर अशाच एका शेडच्या मागे होतं. पोचलो तेव्हा सूर्य कलला होता. दारात एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई उभी होती. सगळे त्यांना अक्का म्हणतात. आण्णांना जाऊन सहा वर्षं झाली, हे त्यांच्या सुनेने हळूच सांगितलं. मी गाडीचा विषय काढणार, एवढ्यात अक्का म्हणाल्या, "आदी जेवा. दिवस मावळाय लागलाय. बोलणं मागनं."

जैन घर. दिवस मावळल्यावर जेवण नाही. आम्ही नाशकात रात्री नऊला ताटं घेणारी माणसं, सहाला कसं जेवणार? पण बसलो. ज्वारीची पातळ भाकरी, शेंगांची चटणी, मुगाची आमटी, दही. कांदा नाही, लसूण नाही, आणि दोन घास खाल्ल्यावर त्यांची आठवणही नाही. अक्का समोर बसून वाढत होत्या आणि एक डोळा खिडकीबाहेरच्या उन्हावर ठेवून होत्या.

जेवणं झाल्यावर मधुकररावांनी गाडीचं सांगितलं. अक्कांनी विचारलं,

"कुटं हाय?"

"नाशिकला, आमच्याकडे."

"चालती?"

"चालते."

त्या उठल्या, आत गेल्या आणि कपाटातून एक पिशवी घेऊन आल्या. तीत किल्ली होती आणि पुस्तक होतं. मधुकररावांनी ते डाव्या डोळ्याजवळ धरून वाचलं आणि माझ्याकडे दिलं. मालकाच्या रकान्यात आण्णांचं नाव नव्हतं. राजमती चौगुले असं होतं.

"मी," अक्का म्हणाल्या. "गाडी माजी हाय. आण्णांची कवाच न्हवती."

त्यांनी सांगितलं ते असं. पलीकडे धरणाचं काम चालू होतं. त्यावर एक इटालियन इंजिनिअर आला होता. आण्णांशी त्याची ओळख झाली आणि तो यांच्या घरी जेवायला येऊ लागला. दोन वर्षं आला, दिवस मावळायच्या आत, न चुकता. गाडी चालवायला त्याने आण्णांना शिकवलं, पण आण्णांना गिअर जमेना. अक्कांना जमला. काम संपून मायदेशी जाताना त्याने गाडी इथेच ठेवली आणि पुस्तकावर अक्कांचं नाव घातलं. म्हणाला, मी ज्यांच्या हातचं जेवलो त्यांना देतो.

"शेंगा, द्राक्षं, मानसं, समदं नेलं मी त्यातनं. मिरजंच्या दवाखान्यात बाळंतिणी नेल्या. मग लोक बोलाय लागलं. चौगुल्यांची सून मोटर पळवती. आण्णा मनानं भितरं. मेंढरं ठरवाय जातो म्हनून गाडी शिकाऊ डायवरासंगं घिऊन गेलं, आन परत आलं ते एस्टीनं. हातात किल्ली आन पुस्तक. म्हनलं, गाडी? तर म्हनलं, इकली." अक्कांचा आवाज चढला नाही. "मला न इचारता. पुस्तक मी घेतलं, कपाटात ठेवलं. त्यांनी परत मागितलं न्हाई, मी दिलं न्हाई. पुस्तक माज्याकडं हाय तवर गाडी माजी."

आता सही कशी मागायची? मी मधुकररावांकडे बघितलं. ते कधीच काही मागू न शकणारे गृहस्थ. मीच धीर करून डोळ्यांचं सांगितलं, याच वर्षाचं सांगितलं. अक्कांनी ऐकून घेतलं. त्यांना वाईट वाटलं, ते दिसत होतं. "मास्तर, राग मानू नगा," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्सं सही केली न्हाई. आता करवंल असं वाटत न्हाई. झोपा, सकाळी बघू."

सकाळी चहाला मी तोंड उघडणार तेवढ्यात मधुकररावच बोलले. मागितलं काहीच नाही त्यांनी. गाडीबद्दल सांगू लागले. चालवणाऱ्याची सीट अगदी पुढे सरकवलेली होती आणि तिथेच गंजून बसली होती. ब्रेकच्या पेडलचा रबर फक्त वरच्या कडेला झिजला होता. गिअरच्या मुठीवर एका बाजूला बांगडीचे ओरखडे होते. "मी अठरा वर्षं बायकोला सांगतोय," ते म्हणाले, "ही गाडी एका ठेंगण्या बाईने चालवली आहे आणि फार चांगली चालवली आहे. क्लचची प्लेट बघूनच कळतं. त्या बाईंना एकदा भेटायचं होतं. भेटलो. सही नसली तरी माझं काम झालं."

हे त्यांनी मला खरंच सांगितलेलं होतं, पुन्हा पुन्हा, आणि मी दर वेळी होला हो केलं होतं. अक्कांनी हातातला कप खाली ठेवला.

"म्हंजे तुमी मला वळकत व्हता की," त्या म्हणाल्या. "इतक्या सालात कुनी इचारलंसुद्दा न्हाई, चालवत कोन व्हतं." मग सुनेला हाक मारून चष्मा मागवला. एजंटने दिलेल्या फॉर्मवर त्यांनी सही केली, एकेक अक्षर सुटं, शाळेतल्यासारखं. पेन ठेवून म्हणाल्या, "एक करा. कागद झालं की पयल्यांदा हितं आना. मी बसनार."

मी त्यांच्या पाया पडले. रडूही आलं, ते लपवलं नाही.

पुन्हा तासगाव

कागद व्हायला दसरा उजाडला. गाडी टेम्पोवर चढवून आणली, कारण नाशिकपासून चालवत आणायचा हट्ट मी चालू दिला नाही. बागांची छाटणी चालू होती. अक्का नवं लुगडं नेसून तयार. किल्ली त्यांनीच फिरवली, मागे सरकवलेली सीट पाहून हसल्या, पण चालवायला बसल्या नाहीत. "पाय लागत न्हाईत आता," म्हणाल्या आणि उजवीकडच्या सीटवर जाऊन बसल्या. गाडी इटलीची, स्टिअरिंग डावीकडे.

तोवर एक गोष्ट माझ्या लक्षातच आली नव्हती. रस्ता आपला, माणसं डावीकडून जाणारी, आणि चालवणारा डाव्या टोकाला. पुढचं वाहन ओलांडायचं तर समोरून काय येतंय ते त्याला दिसतच नाही, मग डोळे कितीही चांगले असोत. शेजारच्याने बघून सांगायचं. "ह्या गाडीत बाजूचं मानूस लागतंच," अक्का मला म्हणाल्या. "इटलीचं साहेब शिकवत व्हतं तवा मी चालवायची आन ते बोलायचं."

गावाच्या रस्त्यावर दोघं निघाले. मी मागून आमची छोटी गाडी घेऊन, जीव मुठीत धरून. पुढे छाटलेल्या काड्यांनी भरलेला ट्रॅक्टर होता. लाल गाडी त्याच्यामागे रेंगाळली. काचा खाली होत्या, म्हणून अक्कांचा खणखणीत आवाज मला ऐकू आला. "थांबा, एस्टी येती. येऊ द्या. गेली. आता घ्या, मास्तर!" आणि मधुकररावांनी ट्रॅक्टर ओलांडला.

पाण्याच्या टाकीपाशी ते थांबले होते. मधुकरराव स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसले होते आणि त्यांचे दोन्ही डोळे भरलेले होते. अक्का हळूहळू उतरल्या, पदर सारखा केला आणि माझ्या गाडीची किल्ली माझ्याकडून काढून घेऊन सुनेला फोन लावला, ही गाडी घरी न्यायला ये म्हणून.

"बसा, बाई," मला म्हणाल्या. "मी किती दिस पुरनार?"

अठरा वर्षांत त्या गाडीवर मी चिडले होते, तिची धूळ पुसली होती, तिच्यासाठी चार दिवस हिंडले होते. पण तिच्यात बसून रस्त्यावर कधी निघाले नव्हते. सीट फार खाली होती, मी जवळजवळ कोसळलेच. मधुकररावांनी गिअर टाकला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "काय दिसतंय?"

मी मान बाहेर काढून लांबपर्यंत नीट बघितलं.

"मोकळं आहे," मी म्हटलं. "चला."